डाव्या पायाचे एक्केचाळीस

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, दिवाळी अंक आहे, वाचकांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा. मी म्हटलं, मला गेल्या वर्षापासून फक्त राग आलेला आहे, तो छापता का? ते हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करताहेत.

मी नाशिकमध्ये माउंटन बाइक चालवणाऱ्यांना शिकवते. आधी नाशिक रोडच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. तिथून निवृत्त झाले आणि इतकी वर्षं रविवारी हौसेनं करत होते तेच काम रोजचं झालं. माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं जाणारी सायकल. तिच्या लांब पल्ल्याच्या शर्यती असतात. सकाळी सुटलेला माणूस दुपार उलटल्यावर परत येतो. तोवर त्यानं डोंगर, ओढे, नांगरलेली वावरं आणि गावोगावची कुत्री पार केलेली असतात. अशा शर्यतींसाठी लोकांना तयार करायचं, हे माझं काम.

पूर्वी नवा माणूस यायचा आणि विचारायचा, मॅडम, चढावर माझा दम का लागतो? हा प्रश्न मला आवडायचा, कारण त्याला उत्तर होतं. आता नवा माणूस येतो, सायकल भिंतीला टेकवायच्या आत मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, मॅडम, माझे वॉट कसे आहेत? आता काय सांगायचं त्याला? छान आहेत, वडिलांवर गेलेत?

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सायकलचं पेडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं त्याला क्रँक म्हणतात. तुम्ही पेडलवर जोर दिला की हा दांडा वाकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण वाकतो. त्याला चिकटवलेलं एक छोटं यंत्र हे वाकणं मोजतं, पाय किती भरभर फिरतोय ते बघतं, आणि तुम्ही किती ताकद लावताय त्याचा आकडा हँडलवरच्या पडद्यावर दाखवतं. बल्बवर असतो तसाच, वॉटमध्ये. या यंत्राला पॉवर मीटर म्हणतात.

मीटर कामाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. वेगावरून काही कळत नाही, उतारावर कोणीही शूर असतो. हृदयाचे ठोके उशिरा जागे होतात. तुम्ही चूक करून बसता आणि मग ते धावत येतात. मीटर मात्र तिथल्या तिथे सांगतो. मी नव्या मुलांना विहिरीचं उदाहरण देते. विहिरीला झरे असतात. झऱ्यांतून येतं तेवढंच पाणी उपसलं तर मोटर दिवसभर चालते. त्याहून जास्त उपसलं की पातळी खाली जाते, आणि तळ लागला की नुसती हवा येते. शरीरही तसंच. आपले झरे किती, हे मीटरवरून कळतं. लांबच्या शर्यतीत पहिल्या चढावर कोणी पुढे गेलं म्हणून विहीर रिकामी करायची नाही, एवढं जरी मीटरनं शिकवलं तरी त्याचं काम झालं.

तेव्हा माझा राग यंत्रावर नाही. राग आहे तो त्याच्या भक्तांवर.

एक नमुना सांगते. त्यांना बाळासाहेब म्हणू. द्राक्षाचे बडे बागायतदार, माल परदेशी जातो, स्वभावानं दिलदार. त्यांनी मीटर घेतला तो साधासुधा नाही. दोन्ही पेडलांत वेगवेगळा मीटर, म्हणजे डाव्या पायाचा हिशेब वेगळा, उजव्याचा वेगळा. दसऱ्याला सायकलची पूजा केली ती थेट पेडलांवर हळदकुंकू वाहून, आणि नारळ फोडला तो चेनवर. मला त्यानंतर अर्धा दिवस ती चेन धुवावी लागली. पण ते काही नाही. काही दिवसांनी स्वारी उतरल्या चेहऱ्यानं आली. त्यांच्या मुलीचे सासरे, म्हणजे व्याही, तेही सायकल चालवायला लागले होते, आणि व्याह्यांचा आकडा यांच्यापेक्षा जास्त होता.

'मॅडम, हा थोडा वाढवून मिळेल का?'

मी म्हटलं, मिळेल, पहाटे या, घाटात नेते. तर म्हणाले, तसा नको, सेटिंगमधून. मुलीच्या सासरी मान खाली घालायची वेळ आली म्हणून यंत्रात फेरफार करून द्या, असं मला तोंडावर सांगणारा माणूस! मी त्यांना इतकं बोलले की दुसरा कोणी असता तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. ते दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले, आणि सेटिंगचं पुन्हा विचारलं.

दुसरे एक साहेब सातपूरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. यांना सरासरीचा ध्यास. पेडल थांबवलं की मीटर शून्य दाखवतो, शून्य धरलं की सरासरी खाली येते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग काय करावं त्यांनी? उतारावर ब्रेक दाबून पेडल मारायला लागले. मी मागून येत होते. मला आधी वाटलं सायकल बिघडली. असल्या उतारावर नजर वाटेवर पाहिजे, यांची पडद्यावर. एका दगडानं त्यांना उचलून बाजूच्या करवंदीत टाकलं. गळपट्टीचं हाड गेलं. जीपमध्ये आडवं केलं तेव्हा शुद्धीत होते, वेदनेनं चेहरा पांढरा पडला होता, आणि विचारत होते, राइड सेव्ह झाली का.

अशांवर मी नुसती ओरडते आणि मग घरी जाऊन हसते. त्यांनी केलं त्याचं त्यांना मिळालं. माझा खरा राग आहे तो जिथे एकाच्या आकड्याच्या वेडापायी दुसऱ्याचं नुकसान होतं तिथे. प्रतीक्षाचं तसं झालं. हे सगळं लिहायला बसले तेही तिच्यासाठीच.

प्रतीक्षा मखमलाबादची. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. वडील बोलत नाहीत, राबतात. आई लताबाई माल घेऊन रोज पहाटे फुलबाजारात. ही मुलगी कॉलेजच्या स्पर्धेत मैत्रिणीची सायकल मागून उतरली आणि पहिली आली. तिथे मी पाहिलं. रामशेजच्या पायथ्याच्या दगडधोंड्यांतून ती अशी जायची की वाट जणू तिला आधीच सांगून ठेवत होती कुठे वळणार ते. बोलायला कमी. उन्हाळा असो की काही असो, घोट्यापर्यंत लांब टाइट्स घालायची, बाकी मुली शॉर्ट्समध्ये असायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाली, घरी चालत नाही. मी विषय सोडला. अशा घरांतून मुलगी सायकलवर डोंगरात येते हेच पुष्कळ असतं.

मी तिला माझ्याकडची जुनी सायकल दिली, तिच्यावर साधा मीटर होता. साधा म्हणजे फक्त डाव्या क्रँकवर बसवलेला. हा प्रकार स्वस्त पडतो म्हणून सगळीकडे तोच दिसतो. तो फक्त डाव्या पायाचा जोर मोजतो आणि त्याची दुप्पट करून दाखवतो. माणसाचे दोन्ही पाय सारखंच काम करतात असं तो धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत ते जवळपास खरं असतं, म्हणून कोणाचं काही अडत नाही.

प्रतीक्षाचं मात्र गणित जुळेना. चढावर ती सगळ्यांच्या पुढे, आणि आकडा सगळ्यांच्या खाली. मी मीटर शून्यावर आणून पाहिला, सेल बदलला, मग तोच क्रँक माझ्या सायकलला लावून घाटात गेले. आकडा बरोबर आला. बरोबरच येणार, माझे दोन्ही गुडघे सारखेच कुरकुरतात. तिला विचारलं, पायाला कधी काही लागलं होतं का? नाही मॅडम, म्हणाली. आणि वाकून चेन पुसायला लागली.

राज्याच्या संघासाठी गेल्या वर्षी निवड चाचणी आपल्याच जिल्ह्यात झाली. लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय शर्यतीसाठी हा संघ जाणार होता, आणि त्यात मुलींच्या जागा मोजक्या. सकाळी डोंगरात शर्यत झाली. प्रतीक्षा पहिली आली, आणि दुसरी मुलगी येईपर्यंत तिनं पाणी पिऊन, तोंड धुऊन, सायकल पुसूनही घेतली. मी मनात म्हटलं, झालं काम.

पण निवड समितीनं त्या वर्षी नवीन टूम काढली होती. म्हणे, शर्यतीत नशिबाचा भाग असतो, निवड शास्त्रीय पद्धतीनं झाली पाहिजे. म्हणून दुपारी एका सभागृहात जागेवर फिरणाऱ्या सायकली मांडल्या, सगळ्यांना तीच यंत्रं, तोच वेळ, आणि वजनाच्या मानानं वॉट किती येतात त्यावर अंतिम यादी. यंत्रं कोणती? डाव्या क्रँकची.

मी प्रतीक्षाच्या शेजारी उभी होते. घामानं न्हाली, डोळे लाल झाले, शेवटच्या मिनिटांत तिच्या तोंडून आवाज निघत होता. आकडा हलायला तयार नाही. यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. सकाळी जिला तिनं मागे टाकलं होतं ती मुलगी यादीत होती. ती बिचारी माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

मी समितीच्या टेबलावर गेले. तिथले प्रमुख स्वतः कधीकाळी सायकलपटू होते. त्यांना मी विचारलं, सकाळी ही मुलगी डोंगर चढली तो काय रिक्षानं? ते म्हणाले, बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, आकडा खोटं बोलत नाही. मी म्हटलं, तुमचा आकडा निम्मंच बोलतो, उरलेलं तो मनानं भरतो. मग क्रँकचा सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे मी थांबेपर्यंत थांबले.

'माणसाला पाय दोन असतात आणि ते सारखे असतात,' ते म्हणाले. 'हिचे नसतील तर तिनं तसं सांगावं. परवा आमची बैठक आहे. तिथे येऊ द्या.'

परत येताना गाडीत मी प्रतीक्षाला पुन्हा विचारलं. मखमलाबाद आलं तेव्हा म्हणाली, आईला विचारा.

लताबाई ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी विषय काढला तशी सुई थांबली. मुलीला त्यांनी आत पाठवलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. प्रतीक्षा लहान असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली डावा पाय सापडला होता. एका गावठी हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून जोडला. जुळला, पण पोटरी बारीक राहिली ती राहिलीच. तेव्हापासून घरात ठरलं की हे बाहेर बोलायचं नाही. शाळेत नाही, नात्यात नाही. मुलीला चालताना पाय टाकायला आईनंच शिकवलं होतं, रोज संध्याकाळी, ओट्यावरून अंगणापर्यंत, लंगडणं दिसेनासं होईपर्यंत.

मला इतका संताप आला की हातातला पेला मी जरा जोरातच खाली ठेवला. म्हटलं, लताबाई, ही लपवायची गोष्ट आहे का? तुमची मुलगी त्या पायानं डोंगर चढते. तुम्ही मिरवायला पाहिजे.

'मॅडम, तुमचं खरं हाय,' त्या म्हणाल्या. 'पन नामपूरचं स्थळ आलंय. मानसं चांगली हायेत, कांद्याचा यापार हाय. दिवाळीनंतर बघायला येनार. तुमच्या सायकली चार वर्सं चालतील. तिला जल्म काढायचाय.'

याला माझ्याकडे उत्तर होतं, भाषणही होतं, पण ते देऊन मी माझ्या घरी जाणार होते आणि नामपूरच्या पाहुण्यांना चहा त्यांना द्यायचा होता. मी उठले. रस्ताभर मी कोणाकोणाला शिव्या दिल्या ते इथे छापता येणार नाही. समिती होतीच, तो हाडवैद्य होता, आणि मुलीच्या पोटरीचा घेर बघून सून ठरवणारी आपली सगळी जमात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षा माझ्या दारात. घरी कॉलेजला जाते सांगून आली होती. म्हणाली, मॅडम, दोन्ही पायांचं वेगळं मोजता येतं असं तुम्ही एकदा म्हणाला होता. मला बघायचंय. बाकी कोणाला सांगायचं का नाही ते मी नंतर ठरवेन.

मी बाळासाहेबांना फोन लावला. दोन्ही पायांचे मीटर माझ्या माहितीत त्यांच्याकडेच. म्हटलं, तुमची पेडलं द्या, आजच्या दिवस. कशाला, कोणाला, काही विचारलं नाही त्यांनी. स्वतः गाडीतून घेऊन आले. स्वतःच्या हातानं पाना घेऊन बसवायला लागले, तर पहिलंच पेडल उलटं फिरवत होते, म्हणून मी पाना काढून घेतला. या माणसावर मला धड रागावताही येत नाही.

आम्ही पेठ रस्त्यानं सावळघाटात गेलो. पावसाळा नुकताच सरला होता, कडेचं गवत कमरेएवढं. घाटाच्या बाजूनं एक जुनी कच्ची वाट चढते, तीच तिला दिली. म्हटलं, पडद्याकडे बघू नकोस, काल सभागृहात जेवढा जीव काढलास तेवढाच काढ. ती गेली. आम्ही दोघं गाडीनं वर जाऊन थांबलो. बाळासाहेब अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होते, त्यांचीच चाचणी असल्यासारखे.

ती वर आली, पाय टेकला, मान खाली घालून श्वास घेत राहिली. मी पडदा बघितला. एकूण आकडा समितीच्या यादीतल्या पहिल्या मुलीपेक्षा जास्त होता, आणि थोडाथोडका नाही. खाली दोन पायांची वाटणी होती. उजवा एकोणसाठ टक्के. डावा एक्केचाळीस.

म्हणजे डाव्याची दुप्पट करणाऱ्या यंत्रानं तिची जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद गिळून टाकली होती. मी तिला ते समजावायला लागले. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या खालच्या ओळीवर बोट ठेवून उभी होती.

'हे डाव्याचे?'

'हो.'

'एक्केचाळीस?' ती म्हणाली. 'मॅडम, मला वाटायचं तो नुसता फिरतो.'

इतकी वर्षं मी लोकांना मीटर बघताना पाहिलंय. कोणी फुशारतं, कोणी खट्टू होतं, कोणी यंत्राला शिव्या देतं. रडताना पहिल्यांदाच कोणाला पाहिलं. लहानपणापासून तिनं ऐकलं होतं की तो पाय झाकायचा, त्याला सांभाळून घ्यायचं, तो नावालाच आहे. आणि तो गप गुमान निम्म्याहून थोडंच कमी काम करत होता. बाळासाहेब गाडीच्या पलीकडे जाऊन डोंगर बघायला लागले. मीही रडले, लपवत नाही.

बैठकीला मी गाडी काढली तेव्हा प्रतीक्षा एकटीच आली. घरी सांगितलं का, विचारलं तर म्हणाली, सांगितलं, एक्केचाळीसचंही सांगितलं, आई हार ओवत राहिली. खोलीत समितीची माणसं चहा पीत होती. मी सावळघाटातला आकडा पुढे ठेवला. प्रमुख म्हणाले, हे आमचं यंत्र नव्हे. तेव्हा प्रतीक्षा खुर्चीवरून उठली, वाकली आणि टाइट्स दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत वर सरकवल्या. ज्या गोष्टीसाठी तिच्या आईनं अख्खं बालपण पहारा दिला होता ती तिनं अनोळखी पुरुषांच्या समोर उघडी केली.

'सर, हा डावा बारीक आहे,' ती म्हणाली. 'पण मोजायचाच असेल तर उजवा पण मोजा.'

मला वाटलं, आता तरी. मग प्रमुखांनी कप खाली ठेवला आणि अत्यंत मायेनं, खरंच मायेनं, म्हणाले, अगं बाळ, हे आधी नाही का सांगायचं? हे तर मेडिकलचं प्रकरण झालं. लांबची शर्यत आहे, उद्या तुला काही झालं तर जबाबदारी कोणाची? आधी तंदुरुस्तीचा दाखला, मग बोर्डाची तपासणी, आणि त्याला आता वेळ कुठे आहे. पुढच्या वर्षी बघू.

वाचकहो, परत एकदा नीट वाचा. परवापर्यंत तिचे दोन्ही पाय सारखे होते, म्हणून ती बसत नव्हती. आज ते सारखे नाहीत, म्हणून ती बसत नव्हती. ज्या मुलीनं तुमच्याच डोंगरावर तुमच्याच डोळ्यांदेखत सगळ्यांना धूळ चारली तिला तुम्ही विचारता, तुला डोंगर झेपेल का? मी त्या खोलीत काय बोलले ते मला आठवत नाही. प्रतीक्षानं हाताला धरून बाहेर आणलं एवढं आठवतं. तेव्हापासून त्या समितीच्या कुठल्याही कार्यक्रमाला मला बोलावत नाहीत. बोलावलं तरी मी जाणार नाही, असं नाही. जाईन आणि पुन्हा बोलेन.

अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. नामपूरकडचे मध्यस्थ दिवाळीच्या आधीच येऊन गेले. 'पोर चांगली शे हो, पन...' एवढं म्हणून त्यांनी चहा अर्धा ठेवला. नंतर निरोपही नाही. म्हणजे संघही गेला आणि स्थळही गेलं, आणि दोन्ही एकाच पायापायी. त्या दिवसांत मखमलाबादला जायची माझी हिंमत झाली नाही. लताबाई मला उंबऱ्यात उभं करणार नाहीत अशी माझी खात्री होती.

थंडीत आपल्याकडे एक खुली शर्यत असते, लांब पल्ल्याची. नाव नोंदवलं की कोणालाही उतरता येतं, कोणी पाय बघत नाही. प्रतीक्षानं नाव नोंदवलं. मी म्हटलं, बाळासाहेब पेडलं देताहेत, लावू का? नको म्हणाली. जे बघायचं होतं ते मी बघितलं. या शर्यतीत मोठं वर्तुळ पुन्हा पुन्हा फिरायचं असतं, आणि एका ठरलेल्या जागी आपल्या माणसानं पळत्या स्वाराच्या हातात पाणी आणि खाणं द्यायचं असतं. ते काम मी करणार होते.

सकाळी त्या जागी पोचले तर लताबाई आधीच उभ्या. बाजार सोडून आल्या होत्या. पदर खोचलेला, हातात बाटल्या, पिशवीत गुळशेंगदाण्याचे लाडू, लहान लहान, एका घासात जातील असे. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, कुठल्या हातानं द्यायची ते दाखवा. मी दाखवलं. त्यांनी रिकाम्या रस्त्यावर बाटली पुढे धरून दोनतीनदा पळून बघितलं.

शर्यत सुटली आणि आम्ही वाट बघत राहिलो. पहिला फेरा आला तेव्हा मी प्रतीक्षाला नीट पाहिलं. ती शॉर्ट्समध्ये होती. दोन्ही पाय उघडे, चिखलानं भरलेले, एक भरीव, एक बारीक. लताबाईंनी बाटली दिली, तिनं घेतली, कोणी कोणाकडे बघितलं नाही.

शेवटच्या फेऱ्यालाही वळणावरून मुलींत पहिली तीच दिसली. मागे बराच वेळ कोणी नव्हतं. आमच्या बाजूला शहरातली काही मंडळी आपापल्या मुलांसाठी उभी होती. त्यांतल्या एक बाई लताबाईंना ओळखत नव्हत्या. त्या सहज, वाईट हेतू नसताना, म्हणाल्या, अगंबाई, या मुलीच्या पायाला काय झालंय हो?

मी वळले. तोंडात आलेलं मी बोलणारच होते. पण लताबाईंनी बाटली या हातातून त्या हातात घेतली आणि पळायच्या तयारीत, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या,

'काय नाय झालं. एक्केचाळीस टक्के हाय तो.'